लोखंडाची चाहूल

१

कळमनुरीत काहीही बिघडलं की लोक आधी ते स्वतः ठोकून बघत, मग देवाला हात जोडत आणि शेवटी चाँद पाशाच्या दुकानात आणून टाकत. घड्याळं येत, ग्रामोफोन येत, शिवणयंत्रं येत. एकदा तर एक वकीलसाहेब आपली कवळी घेऊन आले होते, आणि चाँद पाशाने तीही नीट करून दिली होती. वकीलसाहेब पुढे दोन वर्षं तिच्या जोरावर भांडले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चाँद पाशा सिकंदराबादच्या छावणीत, वायरलेस दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला. एक म्हणजे डाख देण्याचा सफाईदार हात, आणि दुसरी म्हणजे कशावरही चटकन विश्वास न ठेवण्याची खोड. आता लढाई संपून वर्ष होऊन गेलं होतं. बॅटरीवर चालणारं एक ॲम्प्लिफायरचं मशीन आणि एक भोंगा त्याने जमवला होता. लग्नाकार्यात तो भोंगा वाजायचा, आणि बॅटरी हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगमधल्या इंजिनावर भरून यायची. पोटापुरतं मिळत होतं. माणूस सुखी होता, आणि सुखी असल्याचं त्याला कळतही होतं, हे विशेष.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक मातीची भिंत, आणि भिंतीपलीकडे त्याची लेक कमरजहाँ बाळंतपणासाठी आलेली. हे तिचं तिसरं लेकरू. पहिला मुलगा हैदराबादेत बाराव्या दिवशी गेला. दुसरा सव्विसाव्या दिवशी, तोही हैदराबादेतच. ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठून बघावं तर लेकरू थंड. तिसऱ्या वेळी हलीमाने, म्हणजे चाँद पाशाच्या बायकोने, लेकीला सातव्या महिन्यातच माहेरी आणलं. मुलगी झाली. आज तिचा सदतिसावा दिवस होता.

चाळीस दिवसांचा चिल्ला पार पडला की भीती सरली, असं सगळेच धरून चालले होते. तीन दिवस राहिले होते. घर आनंदात होतं, पण पाय न वाजवता चालत होतं.

२

बाळंतपण भिकाबाईने केलं होतं. ती जवळच्या तांड्यावरची. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे ती कोणाचीच भीड ठेवत नसे. नाळ कापून झाल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी सुरी घेतली आणि लेकराच्या उशाखाली सरकवली.

"हैदराबादेत लोखंड ठिवलं व्हतं का?" तिने विचारलं.

"न्हाई," कमर म्हणाली.

"मंग?"

"मंग काय?" चाँद पाशा दारातून बोलला. "तिथं खोलीला ओल व्हती. पानी गढूळ. लोखंडाचा काय संबंध, भिकाबाई?"

"संबंध तुमी काढत बसा, चाँदभाई. तुमाला तेच काम. लेकरू उचललं की सुरी बराबर उचलायची. चाळीस दिस येक घडीबी लेकरू बिनालोखंडाचं ठिवायचं न्हाई."

"अन् ठिवलं तर?"

भिकाबाईने खोलीच्या एका कोपऱ्याकडे बघितलं आणि हात धुवायला निघून गेली.

चाँद पाशाने त्यावर पुढे महिनाभर थट्टा केली. माझ्या दुकानात खिळ्यांचे दोन डबे आहेत, तुमचं जे काही असेल ते रस्त्यावरूनच परत फिरेल, असं तो हलीमाला म्हणे. हलीमा म्हणायची, "तुमी हसा. सुरीला हात लावू नका म्हंजे झालं." आणि तो लावत नसे. विश्वास नव्हता, पण बायकोचा जीव शांत राहतो तर सुरीने काय घोडं मारलं होतं!

३

सदतिसाव्या दिवशी दुपारच्या मोटारीने नासेर आला. नासेर हा कमरचा नवरा, आणि चाँद पाशाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा; त्यामुळे सासऱ्याला तो मामूच म्हणत असे. हैदराबादेत एका हॉटेलात बँडमध्ये वाजवायचा. त्याच्या एका हातात मिठाईची टोपली होती आणि दुसऱ्या हातात एक लांबट काळी पेटी. तो आधी लेकीकडे गेला, तिला बघून रडला, मग डोळे पुसून दुकानात आला आणि पेटी टेबलावर ठेवली.

"मामू, हिला बघा बरं. लई तकलीफ देऊन राहिली."

पेटीत एक गिटार होती. चाँद पाशाने छावणीत गोऱ्या शिपायांच्या गिटारी पाहिल्या होत्या, पण त्यांना पोट असे. हिला पोट नव्हतं. नुसती जड, भरीव फळी, वर सहा पोलादी तारा, एका टोकाला दोन बटणं. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. मशीनला जोडली की वाजणार, नाहीतर मुकी.

"पोट न्हाई तर वाजते कशी, नासेरमियाँ?"

"चुंबकावर, मामू. तारांखाली चुंबक हाय."

"आजार काय?"

"मधेच खरखरते, मधेच बंद पडते. हॉटेलात चार वेळा लाज गेली. चाळिसावा झाला की मला निघायचंय. तेवढ्यात व्हईल का?"

चाँद पाशाच्या तोंडाला पाणी सुटलं. अशी वस्तू कळमनुरीत तर सोडाच, सबंध जिल्ह्यात कोणी उघडली नसेल. जावयाचा चहा गार होत होता, पण सासऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गिटार उघडली. तारा सगळ्या काढल्या. खाली घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन जाड चुंबक निघाले आणि त्यांच्या मधोमध तांब्याच्या तारेची गुंडाळी. तार केसापेक्षा बारीक. स्क्रू पिळायचा पोलादी पेचकस जवळ नेला असता तर चुंबकाने तो खेचला असता आणि तारेचा जीव गेला असता. पण चाँद पाशाने असल्या कामासाठी हिंगोलीच्या तांबटाकडून एक पेचकस खास पितळेचा घडवून घेतला होता. वापरून वापरून आणि शेगडीच्या धुराने तो इतका काळा पडला होता की बघणाऱ्याला लोखंडाचाच वाटावा.

दोष तासाभरात सापडला. गुंडाळीचं एक टोक डाखातून सुटून नुसतं टेकलेलं होतं. त्याने नवा डाख दिला, फुंकर मारली, आणि गिटार तशीच, बिनतारांची, मशीनला जोडली. आता भोंग्यातून काही येता कामा नये. चुंबकाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, लाकूड ऐकू येत नाही, पितळ, चांदी, काच काही नाही. त्याला फक्त लोखंड कळतं, तेही हललं तर. तारा काढल्यावर हलायला लोखंडच उरलं नव्हतं.

भोंग्यातून आवाज आला. ठक. मग काहीतरी ओढल्यासारखं. थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठक, पुन्हा ओढ.

चाँद पाशाची काम करण्याची रीत ठरलेली होती. आवाज कुठून येतो ते कळत नसेल तर एकेक वस्तू दूर करत जायचं. जिच्या जाण्याने आवाज थांबला तीच गुन्हेगार. त्याने खिशातलं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. आवाज चालूच. कात्री, पक्कड, खिळ्यांचे डबे, नासेरची पोलादी कांडी, सगळं रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेऊन ठेवलं. येणारेजाणारे विचारू लागले की दुकान हलवता का. तो परत आत आला आणि भोंग्याला कान लावला.

ठक. आणि ओढ.

मग त्याने गिटारच हळूहळू फिरवली. रस्त्याकडे केली की आवाज मंद व्हायचा. भिंतीकडे केली की वाढायचा. भिंतीपलीकडे कमरची खोली होती. तिथे पाळणा लाकडाचा, दोऱ्या सुताच्या, खाट सुंभाची. लोखंड एवढंच: उशाखालची सुरी.

त्याने कपाळावर हात मारला आणि एकटाच मोठ्याने हसला. लेकरू हात-पाय झाडतंय, उशी हलतेय, सुरी हलतेय! चुंबकाला इतक्या लांबचं कळावं हे त्याच्या शिकण्यात बसत नव्हतं, पण परदेशी माल होता. असेल बुवा जोरदार.

५

ती सकाळ चाँद पाशाच्या आयुष्यातली फार गोड सकाळ होती. तो भोंगा बारीक करून बसला आणि भिंतीपलीकडची नात ऐकत राहिला. आज्यांना नातवंडं मांडीवर मिळतात, आजोबाला रडल्यावरच दाखवतात. याला ती दुकानात बसून मिळाली. ठक झालं की तो म्हणायचा, "झाडला पाय." ओढ ऐकू आली की म्हणायचा, "आता कूस बदलली." त्याने नासेरलाही बोलावून ऐकवलं.

"हे तिचं हाय?" नासेरचे डोळे भरून आले.

"मग कोनाचं? जा, बघून ये. आत्ता पाय झाडत असंल."

नासेर जाऊन आला. "झोपलीय, मामू. गाढ."

"लेकरं झोपेतबी झाडतात."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा पाठवलं. या वेळी नासेर जरा रेंगाळून आला.

"कमरनं तिला दुपट्यात घट्ट गुंडाळलंय. पाय हालायला जागाच न्हाई. मी बसून बघितलं, मामू. काहीच हालत न्हाई."

तो बोलत होता तेव्हाही भोंगा ठक म्हणाला.

चाँद पाशाला भीती वाटली नाही, राग आला. हाताखालची वस्तू खोटं बोलू लागली की त्याला नेहमीच राग यायचा.

६

दुपारी हलीमा बाजारात गेली. कमर परसात न्हाणीत होती. नासेर पाळण्याची दोरी धरून बसला होता आणि जेवणानंतर त्याची मान पडू लागली होती. चाँद पाशा पावलं न वाजवता आत गेला. अंदाज करत बसण्यापेक्षा सुरी दुकानात नेऊन बघावी. आवाज थांबला तर तिचा, नाही तर नाही. चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ.

त्याने उशाखालून सुरी काढली. आणि मग त्याला हलीमाचा चेहरा आठवला. विश्वास नसला तरी बायकोशी दगाबाजी नको, म्हणून त्याने खिशात हात घातला, पेचकस काढला आणि सुरीच्या जागी ठेवला. लेकरू झोपलेलं होतं. त्याने तिच्या टाळूवर दोन बोटं टेकवली आणि निघाला.

दुकानात येऊन त्याने सुरी चुंबकापाशी हलवली. भोंगा केवढ्याने तरी भुंकला. मग त्याने ती टेबलाच्या दूरच्या टोकाला निश्चल ठेवली, हात मांडीवर घेतले आणि वाट बघितली.

ठक. ओढ. भिंतीकडूनच.

 मग त्याला सुचलं आणि तो स्वतःवरच हसला. अरे, पेचकस नाही का ठेवला तिथं! एक लोखंड काढलं आणि दुसरं ठेवून आला, मग आवाज थांबेल कसा? म्हातारा झालास, चाँद पाशा. तो हसत हसत बटण बारीक करायला वाकला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

पेचकस पितळेचा होता.

पितळ चुंबकाला ऐकू येत नाही. त्या खोलीत आता टाचणीएवढंही लोखंड नव्हतं. आणि भोंगा वाजत होता. सकाळपासून एका ठोक्याचं आणि दुसऱ्याचं अंतर तेच होतं, कोणीतरी येरझारा घालाव्यात तसं. आता ते अंतर कमी होत चाललं होतं. ठक, ओढ. ठक, ओढ. ठक. ठक.

मग आवाज थांबला. सकाळपासून तो पहिल्यांदाच पूर्ण थांबला.

चाँद पाशा सुरी घेऊन धावला. दुकान ते खोली म्हणजे सात पावलं, पण ती संपेनात.

नासेरची हनुवटी छातीवर टेकली होती. दोरी हातातून सुटून पडली होती. पाळणा हलत नव्हता. तो खाली आला होता. रोज जमिनीपासून हात-दीड हात वर टांगलेला पाळणा चार बोटांवर आला होता, दोऱ्या ताणून तारांसारख्या झाल्या होत्या आणि वरचं लाकूड बारीक कुरकुरत होतं. मोठं माणूस काठावर भार देऊन आत वाकलं की पाळणा असा खाली येतो. वाकलेलं कोणीच नव्हतं. आतून लेकराचा आवाज येत नव्हता.

 तो उंबऱ्यावर उभा राहून बघत राहिला. आणि त्याच्या देखत पाळणा सावकाश, अगदी सावकाश वर गेला आणि आपल्या जागी थांबला.

तेव्हा कुठे त्याचे पाय सुटले. लेकरू जागं होतं, श्वास घेत होतं, त्याच्याकडे बघत होतं. गाल गरम होते. चाँद पाशाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने पेचकस ओढून काढला आणि सुरी उशाखाली सरकवली, तोच मुलगी किंचाळली. इतकी की नासेर दचकून उठला आणि कमर ओल्या केसांनी धावत आली.

"काय झालं, अब्बा?"

"काही न्हाई. सुरी गार लागली असंल."

वैशाख चालू होता. उन्हाने सुरीची मूठसुद्धा कोमट होती.

मुलगी आईच्या कुशीत निजली. तो दुकानात परतला आणि भोंग्याला कान लावून थोडा वेळ बसला. एकही ठोका नाही. बॅटरी उतरत होती म्हणून त्याने मशीन बंद केलं. जे होतं ते गेलं, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते खरं वाटून त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने उठून नासेरसाठी स्वतःच्या हाताने चहा केला.

७

पुढचा दीड दिवस मुलगी छान होती. दूध ओढायची, झोपायची, टकमक बघायची. फक्त सुरी जवळ आली की रडायची. हलीमाने आधी ती पायथ्याशी ठेवली, मग खाटेखाली, मग खोलीच्या दाराशी. पोटात वात धरत असेल, असं तिचं म्हणणं. चाँद पाशाने ते लगेच मान्य केलं. एरवी तो बायकोचं इतक्या लवकर मान्य करत नसे.

चाळिसाव्याची सकाळ उजाडली. कमर न्हाली, हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या, अंगणात सतरंजी पसरली. गोड भाताचा वास रस्त्यापर्यंत गेला. भिकाबाई मानाची साडी घ्यायला आली. दाराशी पडलेली सुरी तिने सगळ्यात आधी पाहिली.

"उशाखालून काहून काढली?"

"रडते ओ," हलीमा म्हणाली. "आता तर चाळीस झाले. तुमीच उचला अन् चुलीपाशी ठिवा."

भिकाबाईने सुरी उचलली आणि चुलीपाशी नेऊन ठेवली. कमरने कौतुकाने लेकीला तिच्यापुढे धरलं. भिकाबाईने मुलीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, पण हात पुढे केले नाहीत.

"माझी कंबर दुखून राहिली, बाई. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे." आणि साडी बगलेत मारून, न जेवता ती तांड्याकडे चालू लागली.

"म्हातारी झाली बिचारी," हलीमा म्हणाली.

नासेरने गिटारला नव्या तारा चढवल्या होत्या. मशीन आणि भोंगा अंगणाच्या कडेला आणला. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि लग्नातली एक चाल वाजवली. काय तो सूर! कळमनुरीने असला आवाज कधी ऐकला नव्हता. रस्त्यावरचे लोक थांबले, शेजारणी भिंतीवरून डोकावल्या, हलीमा तोंडाला पदर लावून हसू लागली. आणि कमर, जी तीन वर्षांत मोकळेपणाने हसली नव्हती, ती अंगणाच्या पलीकडच्या टोकाला लेकीला मांडीवर घेऊन मान मागे टाकून हसत होती. चाँद पाशा ते बघत राहिला. कारखान्यात त्याने मोठमोठ्या साहेबांची शाबासकी घेतली होती, पण आजचा दिवस त्याहून मोठा होता.

नासेर थांबला. सगळ्या तारांवर त्याने तळहात दाबला आणि अभिमानाने विचारलं, "ऐका, मामू. खरखर गेली ना?"

सगळे गप्प झाले. भोंगाही गप्प होता.

कमरने दुपटं सोडलं. उन्हात मुलीने एक पाय पोटाशी घेतला आणि झाडला.

ठक, असं भोंग्यातून आलं. मुलीने पाय सावकाश मागे घेतला, आणि मागून ते ओढल्यासारखं आलं.

कमरच्या अंगावर काच होती आणि चांदी होती. मुलीच्या अंगावर काहीच नव्हतं. तिने दुसरा पाय झाडला.

ठक.

"थोडं ऱ्हायलंच की, मामू," नासेर म्हणाला.

मुलीने मान वळवली होती. ती चाँद पाशाकडे बघत होती, दोन दिवसांपूर्वी पाळण्यातून बघितलं होतं तशीच, पापणी न हलवता. त्याने लेकीकडे बघितलं. तिने मुलीचे तळवे आपल्या गालांना लावले होते, आणि तिला आणखी काही ऐकू येत नव्हतं.

चाँद पाशा उठला. मशीनपाशी गेला आणि वायर उपटून काढली.

"काही ऱ्हायलं न्हाई," तो म्हणाला. "दुरुस्ती झाली."

"अब्बा," कमरने हाक मारली, "या, घ्या हिला. चाळीस झाले, आता कायची भीती?"

तो गेला. तिने मुलीला त्याच्या हातांत दिलं. मुलगी त्याच्या छातीशी अगदी शांत पडून राहिली. कमर हसत होती, म्हणून तोही हसला.